पशुआरोग्य संशोधनात जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात आणि पंधरा वर्षं प्रॅक्टिस करून कंटाळलेले पशुवैद्यकही विचारतात. शब्द थोडे इकडेतिकडे, मुद्दा तोच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. पहिले पाच प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांचं पीएचडीचं काम चालू आहे त्यांनी थेट सहाव्यापासून वाचलं तरी चालेल.

१. जनावरांचा डॉक्टर आणि पशुआरोग्य संशोधक यांत फरक काय? दोघंही डॉक्टरच ना?

पदवी बहुतेक वेळा एकच असते, डोक्यातला प्रश्न वेगळा असतो. गाय गाभडली की उपचार करणारा विचारतो, हिला आता काय देऊ? संशोधक विचारतो, या कळपात महिन्याभरात चौथी गाय का गाभडली, आणि पलीकडच्या कळपात एकही का नाही? पहिल्याला उत्तर आज हवं असतं. दुसऱ्याला दोन वर्षं लागली तरी चालतात, पण तेच काम दुसऱ्या कुणी केलं तरी तेच उत्तर निघायला हवं.

एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत दक्षिणेकडची धडधाकट गुरं उत्तरेत नेली की तिथली गुरं तापाने मरायची. हा गोचिडीचा प्रताप आहे असं पशुपालक कधीपासून म्हणत होते, आणि शहाणी माणसं त्यांना हसत होती. थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्यक फ्रेडरिक किलबोर्न यांनी सरळ कुंपणं घातली. एका रानात गोचिडीसकट दक्षिणेची गुरं सोडली, एकात गोचीड हाताने वेचून काढलेली गुरं, एकात गुरांशिवाय नुसत्या गोचिडी. जिथे गोचीड होती तिथेच ताप आला. १८९३ साली हे काम छापून आलं. एक जीव दुसऱ्या जिवाच्या अंगात रोगजंतू नेऊन सोडतो, याच्या पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक. कुंपण, गुरं आणि चिकाटी एवढ्यावर झालेलं काम आहे हे. आणि मूळ सुगावा पशुपालकाचा होता, हे विसरू नका.

२. माझ्याकडे पशुवैद्यकाची पदवी नाही. मला या क्षेत्रात येता येईल का?

येईल. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, संख्याशास्त्र, कीटकशास्त्र, संगणक अशा सगळ्या वाटांनी आलेली माणसं आमच्याकडे आहेत. लसनिर्मितीत आणि जनुकीय कामात तर पशुवैद्यक अल्पसंख्य असतात. अडचण दोन ठिकाणी येते. जनावरावर उपचार करणं, शस्त्रक्रिया करणं किंवा औषध लिहून देणं यासाठी नोंदणीकृत पशुवैद्यकच लागतो. दुसरी अडचण कागदावर दिसत नाही. आजारी जनावर कसं दिसतं, हे पुस्तकातून कळत नाही. तेव्हा प्रयोगशाळेतलीच पदवी असेल तर पहिल्याच वर्षी एखाद्या पशुवैद्यकाबरोबर महिनाभर फिरा. आपल्या नळीतलं रक्त कसल्या धडपडीतून येतं ते एकदा पाहिलं की कामाची पद्धतच बदलते.

३. विकृतिशास्त्र, विषाणुशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान, परजीवीशास्त्र... नेमका कोणता विषय घेऊ?

"स्कोप कशात आहे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर दर पाच वर्षांनी बदलतं. तुम्हाला कंटाळा कशाचा येत नाही ते पाहा. तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा बघत बसायला आवडत असेल तर विकृतिशास्त्र, म्हणजे रोगाने अवयवांत काय बिघडलं ते पाहणं. आकडे, नकाशे आणि लोकांशी बोलणं आवडत असेल तर रोगपरिस्थितिविज्ञान, म्हणजे रोग कुठे, कुणात आणि कसा पसरतो याचा शोध. हाताला शिस्त असेल आणि तेच काम शंभरदा करूनही चिडचिड होत नसेल तर विषाणुशास्त्र किंवा प्रतिकारशास्त्र. संख्याशास्त्र मात्र सगळ्यांनीच शिकायचं, त्यातून सुटका नाही. का ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहे.

४. दिवसभर काम काय असतं? प्रयोगशाळेत की गोठ्यात?

दोन्हीकडे, आणि उरलेला वेळ कागदांत. परवानग्या, निधीचे अर्ज, अहवाल, शोधनिबंधाच्या दुरुस्त्या यांत निम्मा आठवडा जातो, हे आधी कुणी सांगत नाही.

नमुन्यादाखल एक सकाळ सांगते. समोर एलायझाची, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीची प्लेट आहे. तिच्यात ९६ छोटे खळगे, त्यांना वेल म्हणतात. प्रत्येक वेलमध्ये एका जनावराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी. सीरम घालायचं, थांबायचं, धुवायचं, पुढचं रसायन घालायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं. शेवटच्या रसायनाने काही वेल हळूहळू निळ्या होऊ लागतात. ठरल्या मिनिटाला आम्ल घातलं की निळ्याचं पिवळं होतं आणि प्लेट मशीनमध्ये वाचायला जाते. आम्ल घालताना मध्येच फोन वाजला आणि हात थांबला, तर शेवटच्या ओळीला रंग चढायला जास्त वेळ मिळतो. मग ती जनावरं जास्त पॉझिटिव्ह दिसतात. जनावरात काही फरक नसतो, फरक फोनचा असतो. म्हणून प्लेट चालू असताना आमच्याकडे कुणी फोन उचलत नाही.

५. जनावरांच्या रोगांवर संशोधन करून माणसाला काय उपयोग?

या प्रश्नाचा मला थोडा राग येतो. जनावराचं दुखणं हे आपल्या जागी पुरेसं कारण आहे. तरीही विचारताच, तर ऐका.

क्षयरोगाच्या बीसीजी लशीतला "जी" म्हणजे कामिल गेराँ, फ्रान्समधले पशुवैद्यक. अल्बेर काल्मेत आणि त्यांनी गाईच्या क्षयाचा जंतू घेतला, आणि पित्त व ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या फोडींवर १९०८ पासून तो एकीवरून दुसरीवर वाढवत नेला. २३० वेळा. तेरा वर्षांनी जंतूचा जोर गेला आणि १९२१ मध्ये लस पहिल्यांदा एका बाळाला दिली. विषाणूने पछाडलेली पेशी शरीर कशी ओळखतं, या शोधासाठी १९९६ चं नोबेल विभागून मिळालेले पीटर डोहर्टी हे पशुवैद्यक. त्यांची पीएचडी मेंढ्यांच्या मेंदूज्वरावर होती.

न्यूयॉर्कमधली १९९९ ची गोष्ट तर विद्यार्थ्यांना पाठच असायला हवी. माणसांमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आणि निदान झालं सेंट लुईस मेंदूज्वराचं. त्याच दिवसांत शहरात कावळे पटापट मरत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्यक विकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी मेलेले पक्षी उघडले आणि त्यांना हे निदान पटेना, कारण सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी असे मरत नाहीत. घोड्यांचा मेंदूज्वर म्हणावा तर त्याला चटकन बळी पडणारे एमू तिथेच ठणठणीत फिरत होते. शेवटी तो वेस्ट नाईल विषाणू निघाला, अमेरिका खंडात पहिल्यांदाच आलेला. कोण मेलं याइतकंच कोण मेलं नाही हेही त्यांनी पाहिलं.

६. नमुना गोळा करण्यावर तुम्ही एवढा भर का देता? ते तर मदतनीसही करू शकतो.

करू शकतो, पण चुकला तर पुढची लाखाची यंत्रं काही करू शकत नाहीत. सगळ्यात जास्त पत्रं मला "पीसीआर लागत नाही, काय करू?" अशी येतात (पीसीआर म्हणजे नमुन्यातलं जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी), आणि दहांतल्या सहासात वेळा घोळ गोठ्यात झालेला असतो. रक्त गोठू नये म्हणून ते हेपॅरिनच्या नळीत घेतलेलं असतं, आणि हेपॅरिन पीसीआरला अडवतं. तिथे ईडीटीए हे दुसरं गोठणरोधक हवं. सीरमसाठी घेतलेलं रक्त घाईघाईत हलवल्यामुळे फुटून लाल झालेलं असतं. टिश्यूचा, म्हणजे अवयवाचा, मूठभर तुकडा इवल्याशा बाटलीत कोंबलेला असतो. तो टिकवायला घातलेलं फॉर्मॅलिन टिश्यूच्या दहापट हवं आणि तुकडा सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर बाहेरून टिकतो आणि आतून सडतो. जंतू वाढवायचे असतील तर तोच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालायचा नाही, बर्फावर न्यायचा.

आता माझी फजिती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चाळीस नळ्यांवर साध्या मार्करने नंबर टाकले होते. गोठ्यातून परतल्यावर नळ्या बाहेरून स्पिरिटने पुसल्या, स्वच्छतेच्या उत्साहात. चाळीस नळ्या चकचकीत झाल्या, एकीवरही नंबर राहिला नाही. पुन्हा चाळीस जनावरं धरली. त्या पशुपालकाने दुसऱ्यांदा गोठ्याचं दार उघडलं, हा त्याचा मोठेपणा. तेव्हापासून फॉर्मॅलिनच्या बाटलीतही मी शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकते. पेन्सिलीचं ग्राफाइट विरघळत नाही.

एक अपवाद जिवावरचा आहे. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येतंय, अंग ताठरलेलं नाही, तर अँथ्रॅक्स म्हणजे फाशीचा संशय घ्या आणि शव उघडू नका. हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बाहेरूनच रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून घ्यायचा आणि अधिकाऱ्यांना कळवायचं.

७. प्रयोगात किती जनावरं घ्यावीत? गाइड म्हणतात तीस पुरेत.

तीस हा आकडा शुभ आहे म्हणून चालत नाही. किती फरक शोधायचा आहे, जनावराजनावरांत मुळात किती तफावत आहे आणि किती चूक चालेल, यावरून आकडा ठरतो, आणि तो काम सुरू करण्याआधी काढायचा असतो.

खरी मेख पुढे आहे. समजा एका शेडमधल्या ५०० कोंबड्यांना नवं खाद्य दिलं आणि शेजारच्या शेडमधल्या ५०० ना जुनं. लोक लिहितात, नमुनासंख्या १,०००. खरी संख्या २. खाद्य शेडला दिलंय, कोंबडीला नाही. एका शेडमध्ये हवा खेळती असेल तर तो फरकही खाद्याच्या नावावर जमा होतो. कळपांतही तसंच. एकाच कळपातली जनावरं एकच पाणी पितात, एकाच माणसाच्या हाताखाली असतात, म्हणून ती एकमेकांसारखी असतात. दोन कळपांतून पन्नास-पन्नास घेण्यापेक्षा वीस कळपांतून पाच-पाच घेतलेली बहुतेक वेळा जास्त सांगून जातात. पेट्रोल जास्त लागतं, हे खरं.

८. चाचणी ९५ टक्के अचूक आहे. मग पॉझिटिव्ह आलेलं जनावर आजारीच ना?

नाही, आणि इथे भलेभले फसतात. हिशेब करू. १०,००० जनावरं, त्यांतली १ टक्का म्हणजे १०० खरोखर बाधित. चाचणी बाधितांपैकी ९५ टक्के पकडते, म्हणजे ९५. निरोगी ९,९०० पैकी ती ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते, म्हणजे ४९५. एकूण पॉझिटिव्ह ५९०, त्यांत खरी ९५. म्हणजे शंभरातली सोळा! बाकीच्या चौऱ्याऐंशींना तुम्ही कळपातून काढायला सांगितलंत तर काय होईल, ते त्या पशुपालकाच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा. म्हणून रोग विरळा असेल तिथे पॉझिटिव्हची दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या चाचणीने खातरी करतात. रोग भरपूर असलेल्या कळपात हीच चाचणी बऱ्यापैकी विश्वासाची ठरते. चाचणी तीच, कळप बदलला.

९. लस दिलेली जनावरंही अँटिबॉडी पॉझिटिव्ह येतात. मग रोग झालेली वेगळी कशी काढायची?

साध्या अँटिबॉडी चाचणीने नाहीच काढता येत. त्यासाठी लस आणि चाचणी जोडीनेच बनवतात. लाळ्या-खुरकुताच्या शुद्ध केलेल्या लशीत विषाणूचं कवच असतं, पण विषाणू पेशीत वाढताना जी इतर प्रथिनं तयार करतो ती जवळजवळ नसतात. त्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या तर संसर्ग होऊन गेला असं धरतात. अपवाद दोन. लस नीट शुद्ध केलेली नसेल आणि जनावराला ती अनेकदा टोचलेली असेल, तर फसगत होते. आणि आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीमुळे लहान वासरू पॉझिटिव्ह दिसू शकतं. वय आणि लसीकरणाची नोंद नसलेला नमुना म्हणूनच मी परत पाठवते.

१०. प्रयोगांत प्राणी मारावे लागतात का? मला ते जमेल असं वाटत नाही.

काही कामांत लागतात, खोटं सांगत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं आज सगळीकडे मानतात: प्राण्याशिवाय होत असेल तर तसंच करा, कमीत कमी प्राणी वापरा, त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरुवातच करता येत नाही. पण "कमीत कमी" याचा अर्थ इतके कमी नव्हे की उत्तरच निघू नये. तसं झालं तर तेवढेही फुकट गेले (प्रश्न ७).

जमत नसेल तर त्यात कमीपणा नाही. नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या जनावरांवर, कत्तलखान्यातल्या अवयवांवर, पेशींवर किंवा नुसत्या नोंदींवर आयुष्यभर उत्तम काम केलेली माणसं आहेत. दक्षिण आशियातली गिधाडं कशाने संपत चालली, हे लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मुख्यतः रानात मेलेली गिधाडं उघडून शोधलं. आतले अवयव युरिक आम्लाच्या पांढऱ्या थराने माखलेले होते, मूत्रपिंडं निकामी. कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. गूर मेलं की ते गिधाडाच्या पोटात जायचं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ, पाकिस्तानने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. तरी या कामातही शेवटची खातरी करायला काही गिधाडांना औषध द्यावं लागलंच.

११. मलाच रोग लागला तर?

धोका आहे. ब्रुसेला हा प्रयोगशाळेत माणसांना सर्वाधिक लागणाऱ्या जंतूंपैकी आहे, आणि गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी ओढणारा पशुवैद्यक त्याला आयतंच आमंत्रण देतो. रेबीजची लस काम सुरू करण्याआधी घ्या, चावल्यावर पळापळ करण्यापेक्षा. प्रयोगशाळेला जैवसुरक्षेची पातळी असते, कोणता जंतू कुठे हाताळायचा हे ठरलेलं असतं. गरोदर असाल तर वरिष्ठांना लवकर सांगा. मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामापासून आणि काही परजीवींपासून लांब राहणं हा तुमचा हक्क आहे. आणि ताप आला की डॉक्टरला आपण काय काम करतो ते आधी सांगा. ब्रुसेलाचा ताप महिनोन्‌महिने भलत्याच नावाने हिंडतो.

१२. एखादा रोग कायमचा संपवता येतो का?

जनावरांचा एकच संपलाय: बुळकांडी. २०११ मध्ये तशी घोषणा झाली. देवीनंतर पृथ्वीवरून गेलेला हा दुसरा रोग. आमचा पेशाच या रोगातून उभा राहिला म्हणा ना. १७६१ मध्ये फ्रान्समध्ये ल्योंला पहिली पशुवैद्यक शाळा निघाली ती बुळकांडीने युरोपातली गुरं मरत होती म्हणून. भारतात १८८९ साली पुण्यात सुरू झालेली प्रयोगशाळा काही वर्षांत आताच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या डोंगरात हलवली, असले जंतू वस्तीपासून लांब बरे म्हणून. तिथे जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांमधून फिरवून लस केली. ती काही जातींच्या गुरांना जड जायची. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवून सौम्य लस काढली, आणि शेवटच्या टप्प्यात उन्हात टिकणारी लस आली. ती भटक्या पशुपालकांनीच पाठीवर बर्फाची पेटी न घेता रानोमाळ नेली.

मग लाळ्या-खुरकूत का जात नाही? बुळकांडीचा विषाणू एकाच प्रकारचा, बरं झालेलं जनावर विषाणू बाळगत नाही आणि एकदा लस टोचली की जन्मभराची निश्चिंती. लाळ्या-खुरकुताचे सात प्रकार, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, बरी झालेली काही जनावरं घशात विषाणू ठेवतात आणि लशीचा जोर महिन्यांत ओसरतो.

१३. तीन वर्षं काम करून "फरक आढळला नाही" असं निघालं. पीएचडी वाया गेली का?

आखणी चोख असेल तर अजिबात नाही. एखादं औषध चालत नाही हे कळलं तर उद्यापासून कुणीतरी ते देणं थांबवेल. पण जनावरं कमी घेतल्यामुळे फरक दिसला नसेल, तर तो "फरक नाही" याचा पुरावा होत नाही. परीक्षक हाच धागा पकडतात, आणि बरोबरच करतात. निकाल आवडीचा यावा म्हणून मागाहून गट फोडू नका. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणाऱ्या नियतकालिकांच्याही वाटेला जाऊ नका.

१४. गाइड कसा निवडावा?

त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा. बाकी सगळं दुय्यम.

१५. प्रॅक्टिस करता करता संशोधन होईल का?

होईल, आणि तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही: रोज दिसणारी जनावरं. एकच प्रश्न घ्या, लहानसा. प्रत्येक रुग्णाची त्याच पाच गोष्टींची नोंद तशीच ठेवा, एकही न गाळता. वर्षाने एखाद्या रोगपरिस्थितिविज्ञानाच्या माणसाला दाखवा. मात्र आधी दाखवलीत तर जास्त बरं, कारण कोणत्या पाच गोष्टी हे तो सांगेल.

१६. परदेशातली प्रयोगशाळा नमुने तपासून द्यायला तयार आहे. कुरियरने पाठवू का?

परवानगीशिवाय मुळीच नको. रोगजंतू असू शकणाऱ्या नमुन्यांना पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही देशांची संमती लागते, ठरावीक तिहेरी पॅकिंग लागतं आणि नमुन्यावर व त्यातून निघणाऱ्या माहितीवर हक्क कुणाचा याचा लेखी करार लागतो. यात महिने जातात. ते वेळापत्रकात आधीच धरा.

१७. संशोधनासाठी घेतलेल्या नमुन्यात कळवणं सक्तीचं असलेला रोग सापडला. पशुपालकाला मी नाव गुप्त ठेवीन असा शब्द दिला होता. आता काय?

कायद्याने कळवणं बंधनकारक असेल तर कळवावंच लागतं, तुमचा शब्द त्याच्या आड येऊ शकत नाही. म्हणजे तसा शब्द द्यायलाच नको होता. संमतीपत्रातच लिहायचं: निबंधात तुमचं नाव येणार नाही, पण अमुक रोग सापडले तर पशुसंवर्धन खात्याला कळवावं लागेल. हे वाचून काही जण नकार देतील, देऊ द्यात. संशोधनापुरत्या चाचणीवर लगेच बोंब करू नका, अधिकृत प्रयोगशाळेकडून खातरी करून घ्या (प्रश्न ८). तोवर जनावरांची ने-आण थांबवायला सांगा. आणि अहवाल खात्यात जाण्याआधी पशुपालकाच्या गोठ्यावर स्वतः जाऊन सांगा, फोनवर नको.